उपरण्याखालचा वाटा

कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून मी उन्हाळ्यात चाकणला घरी आलो, आणि दुसऱ्याच दिवशी सरपंचांनी मला बोलावणं धाडलं. आमच्या घरात गावच्या शाळेपुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं येतं असा गावाचा समज होता. तो दूर करायचं धैर्य मला झालं नाही.

ग्रामपंचायतीला बाजारतळ नव्यानं बांधायचा होता. शनिवारी बैलबाजार भरला की माणसं, जनावरं आणि कांद्याच्या गाड्या एकमेकांच्या अंगावर येत. पावसाळ्यात चिखलातून बैल कसाबसा निघे, पण मालकाची वहाण आतच राही. सरपंचांच्या मनात फरशी, दगडी ओटे, जनावरांना पाण्याचा हौद असं पुष्कळ होतं. निम्मी मदत खेडच्या कचेरीतून येणार होती. उरलेल्या कामासाठी गावातून भागीदार हवे होते. पैसे नकोत, ज्यानं त्यानं जमेल तेवढ्या दगडाच्या गाड्या आणून टाकायच्या. जो भागीदार होईल त्याला पक्का ओटा. बाकीच्यांनी ओढ्यापलीकडे बसायचं.

हे शेवटचं ऐकलं आणि मला आत्या आठवली. माझी विधवा आत्या बाजाराच्या कोपऱ्यावर भजी तळायची. तिच्याकडे ना गाडी, ना बैल. बैल बघायला आलेला माणूस भजी खायला ओढा ओलांडून थोडाच जाणार? आणि माझं कॉलेज तर तिच्याच कढईवर चाललं होतं.

सरपंच म्हणजे आमचे जुने गुरुजी. त्यांनी मला गावासाठी आवाहन लिहायला सांगितलं. मी मनापासून लिहिलं. त्यात 'सहकार्याची ज्योत' होती, 'नवभारताची पहाट' होती. चावडीपुढे सभेत उभा राहून मी ते मोठ्यानं वाचलं. वाचून झालं.

मग पुढे बसलेले एक म्हातारबुवा म्हणाले, "पोरगं झ्याक वाचतंय. आता उठायचं का?"

गुरुजी कळवळून म्हणाले, "अहो, कोण किती गाड्या देणार ते तरी बोला!"

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. माझे वडील बैलांचे दलाल. ते मागून उठले. "गुरुजी, तुमचं इथंच चुकतंय. चारचौघांत आकडा इचारताय. दोन म्हनलं तर भावकी हसतीय, धा म्हनलं तर उद्या समदी उसनी गाडी मागाया दारात. आमी बैलाचा सौदा कधी तोंडानं करतो का?"

हे खरंच होतं. आमच्या बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात. जितकी बोटं, तितका आकडा. वर चेहरे देवासारखे शांत. खाली काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक, आणि दलालानं ते मरेपर्यंत बाहेर सांगायचं नाही.

वडिलांनी खांद्यावरचं उपरणं हातावर पसरलं आणि चावडीच्या ओट्यावर मांडी घातली. मग काय, रांगच लागली. एकेक जण येई, हात खाली घाली, वर आभाळाकडे बघे. वडील म्हणत, "सौदा झाला." की तो मिशीला पीळ देत खाली उतरे आणि पुढचा आपण कमी पडू नये म्हणून दात आवळून चढे.

तेवढ्यात माझी आत्या पदर खोचून ओट्यावर चढली.

"अगं आक्का, तू कुठं?" वडील दचकले. "बायामानसं हात घालत न्हाईत."

"का? मला बोटं न्हाईत व्हय?"

सभेत खसखस पिकली. कुणीतरी ओरडलं, "घालू द्या राव! भज्यांचं वजन कळंल तरी!"

आत्यानं उपरण्याखाली हात घातला. वडिलांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. डोळ्यांत चक्क पाणी तरळलं. मग घाईनं म्हणाले, "झाला, झाला! सौदा झाला!"

सभेत कुजबुज सुरू झाली. दलालाच्या डोळ्यांत पाणी आणणारा आकडा असेल तरी केवढा! आमच्या शेजारचे पाटील आधीच हात घालून गेले होते, ते उठून परत रांगेत उभे राहिले. त्यांच्यामागून आणखी दोघे.

दुसऱ्या दिवसापासून बाजारतळावर दगडांचा ढीग पडू लागला. गुरुजींना आनंद लपवता येईना. तरी एकदा त्यांनी वडिलांना हळूच विचारलंच, "तुमच्या बहिणीचा वाटा किती? गाडी तर एकही दिसली नाही."

"गुरुजी, उपरण्याखालचं बोलायचं न्हाई."

आत्यानं मात्र आपला वाटा दिला. श्रमदानाला आलेल्यांना ती रोज दुपारी भजी खाऊ घालायची. त्याचा परिणाम असा झाला की काम संपता संपेना. फरशी नीट बसली असली तरी लोक ती उकरून परत बसवत. शेवटी गुरुजींनी हात जोडले आणि ओटे वाटून टाकले. कोपऱ्यावरचा ओटा आत्याला मिळाला. त्यावर कुणी तोंड उघडलं नाही. आपण तिच्यापेक्षा कमी गाड्या दिल्या असं प्रत्येकाला वाटत होतं.

पुण्याला परत निघताना मी तिच्या नव्या ओट्यावर बसलो होतो. धीर करून विचारलं, "आत्या, त्या दिवशी खाली किती बोटं धरलीस?"

"हात आण."

मी हात पुढे केला. तिनं त्यावर पदर टाकला आणि खालून असा कडकडून चिमटा काढला की मी ओरडलोच. समोरचा बैलसुद्धा मान वळवून बघू लागला.

"एवढंच?" मी हात चोळत म्हणालो.

"एवढंच. तुजा बाप लहानपनापासून ह्याला भितोय." तिनं कढईत नवा घाणा सोडला. "मागं सर. गिऱ्हाईक आलंय."