घोंगडी उन्हात घालायची पाळी

नियंत्रण रेषेवरच्या त्या पोस्टवर आम्ही अकरा जण होतो. मी लान्स नायक, बबन माझा बडी, म्हणजे ड्यूटीतला जोडीदार. दोघे एकाच बंकरात झोपायचो. ढेकूण इतके, की शत्रू परवडला. उपाय एकच, रोज सकाळी दहाला पांघरुणं बंकरामागे उन्हात घालायची. पाळ्या लावलेल्या होत्या. त्या मंगळवारी पाळी माझी होती. मी कंटाळा केला. एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय, असं वाटलं.

१७४० ला, म्हणजे पाच चाळीसला, संध्याकाळचा स्टँड-टू. प्रत्येकाने आपल्या मोर्च्यात शस्त्र रोखून उभं राहायचं, हलायचं नाही. बबन हातभर अंतरावर होता. अंगावर गावाहून आणलेली घोंगडी.

"चावतायत रे साले."

"सोस," मी म्हणालो.

१७५२ ला त्याने मान खाजवायला हात वर केला. समोरून एकच गोळी आली आणि मानेतून आरपार गेली. मी त्याचीच घोंगडी जखमेवर दाबली, दुसऱ्या हाताने रेडिओ सेट ओढला.

"एक कॅज्युअल्टी. मदत पाठवा. ओव्हर."

"अंधार पडल्यावर. मोर्चा सोडू नका. आउट."

आमच्या एलएमजी मशीनगनने समोरचा मोर्चा फोडून काढला. मी शिव्या देत होतो, कोणाला ते आठवत नाही. बबन अठरा मिनिटं जिवंत होता. घोंगडी भिजून जड झाली.

पार्थिवाबरोबर त्याच्या गावी मीच गेलो. त्याच्या आईने ती घोंगडी विहिरीवर धुतली आणि माझ्या हातात दिली. "शेवटी त्याच्या अंगावर हीच होती. तू ठेव." पाळी कोणाची होती, हे मी तिला सांगितलं नाही. कोणालाच नाही.

आता मी नालासोपाऱ्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. घोंगडी माझ्या पायथ्याशी घडी करून असते. गेल्या उन्हाळ्यात मला खाज सुटली. मान, दंड, पोट, लाल पुरळ. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी. गोळ्या संपल्या, खाज तशीच. मी खिडकीकडे झोपतो, बायको सुनंदा पलंगाच्या आतल्या बाजूला, तिला काही नाही. ती हसून म्हणाली, "बरे ढेकूण तुम्हालाच चावतात! खाई त्याला खवखवे."

ती थट्टा होती. मी सुरी घेतली आणि गादी उभी फाडली. कापूस घरभर झाला. एकही ढेकूण सापडला नाही. मग मी भिंतीवर मूठ मारली, बोटं फुटली.

सुनंदाने शांतपणे घोंगडी उचलली, गच्चीत नेली आणि काडी ओढली. मी तिचं मनगट इतकं पिरगाळलं, की ती किंचाळली. काडी विझली. त्या कृत्याची मला आजही लाज वाटते.

"जुनं फडकं ते! त्यातच असणार किडे," ती रडत म्हणाली. "घरात ते तरी राहील, नाहीतर मी."

"दोन दिवस दे," मी म्हणालो.

पलंगाचे चार सेक्टर केले. प्रत्येक बाजूला दुहेरी चिकटपट्टी लावली, एक घोंगडीभोवती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाहणी. घोंगडीची पट्टी कोरी. खिडकीकडच्या पट्टीवर खसखशीएवढे ठिपके, काही वळवळणारे.

सुनंदा वाकली. ती नंदाखाल गावची, माहेरी वाडीत कोंबड्या पाळलेल्या.

"अहो, हे तर खुराड्यातले किडे! खुडूक कोंबडी पिल्लं घेऊन उठली, की रिकाम्या खुराड्यातून हेच आमच्या अंगावर चढायचे. बघा बाहेर."

खिडकीबाहेर एसीच्या मागे कबुतराचं घरटं होतं. पिल्लं उडून गेलेली. मी घरटं ओरबाडून पिशवीत कोंबलं, वर उकळतं पाणी ओतलं, फट घासून बुजवली. आठवड्यात खाज थांबली.

घरटं काढलं त्याच सकाळी सुनंदाच्या मनगटाला मलम लावता लावता मी तिला तो मंगळवार सांगितला. पाळीसकट. तिचं मनगट काळंनिळं होतं.

दहा वाजता ती उठली. घोंगडी गच्चीत नेऊन दोरीवर पसरली, चिमटे लावले आणि आत येऊन म्हणाली, "घातली उन्हात. उद्या पाळी तुमची."

तेव्हा मी रडलो. बबन गेल्यापासून पहिल्यांदा.