माया उसवणारे नाना

काष्टीला बाजार होता त्या दिवशी. दुपारी चुलतभावाचा फोन आला, "नाना गेले गं... मशीनवरच." मी रडले, आणि रडता रडता हसूही आलं. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडणारे ते नव्हतेच. हातातलं झबलं पुरं करूनच निघाले असणार.

नाना माझे थोरले चुलते, आमच्या एकत्र घरातले शिंपी. वाढत्या पोरांच्या कपड्यांना आतून जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. दर जूनला नाना ती उसवून आमचे गणवेश वाढवत. माझा मात्र दुसरीतला स्कर्ट तिसरीतही तस्साच बसला. आई खूश होती, पोरगी कपडा पुरवून वापरते म्हणून. नाना मात्र अस्वस्थ झाले.

"आपल्या घरात कोन ताडमाड हाय?" वडील म्हणाले.

"नसंना का. बुटकं पोरगं बी दरसाली बोटभर वाढतंय. हिची माया तशीच पडून हाय."

अखेर नानाच हट्टानं आम्हाला नगरला घेऊन गेले. तपासण्या झाल्या, माझ्या शरीरात वाढीचं हार्मोन फारच कमी तयार होत होतं. "लवकर आणलंत. हाडांची वाढ थांबेपर्यंतच हे औषध उंची देतं," डॉक्टर म्हणाले. रोज झोपण्याआधी इंजेक्शन! आईला काही टोचवेना. नाना पुढं सरसावले, डॉक्टरांकडून नीट शिकून घेतलं. "आन हिकडं. जन्म सुईतच गेला माजा." टोचताना विचारायचे, "बाही फुग्याची ठिवू का साधी?" मी ठरवेपर्यंत काम उरकलेलं असायचं.

पुढच्या जूनला स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला. नानांनी गिऱ्हाइकांना थांबवून आधी माझी शिवण उसवली आणि दुकानातल्या सगळ्यांना भेळ खिलवली. वर्गात मी बरीच वर्षं पहिल्या बाकावरच होते, पण दरसाली कापड कमी पडत गेलं. शेवटी आईपेक्षा थोडी उंच झाले. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ही आमची शिलाई."

परवा दुकानात त्यांचा फोटो लावला, मशीनच्या वर, खिळा जरा उंचच ठोकलेला. काकू हार घालायला स्टूल शोधायला लागल्या. मी टाचा उचलल्या... आणि हार घातला.

"पोचला की गं हात," काकू म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसत हसत रडलो.