आईच्या ब्लाउजमधलं जास्तीचं कापड

दुपारी आईला घेऊन आमच्या नेहमीच्या टेलर काकूंकडे गेले होते. येऊन तीन तास झाले, काही सुचत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आईला कॅन्सर आहे. इतकी वाळलीय की सगळे ब्लाउज खांद्यावरून उतरतात. आता औषधांचा उपयोग नाही, हे डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात मला आणि ताईला बाजूला घेऊन सांगितलं. आईला कळू द्यायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं.

काकूंनी माप घेतलं. म्हणाल्या, "वहिनी, बरंच आत घ्यावं लागेल. जास्तीचं कापड कापून टाकते, नाहीतर टोचेल."

"कापू नका," आई म्हणाली. "टोचू दे. आत तसंच ठेवा."

मला वाटलं, अंग परत भरेल अशी आशा आहे तिला.

येताना द्वारका चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली. मी आपलं उगाच म्हटलं, "बरं केलंस कापड ठेवलंस ते. दोन महिन्यांत ब्लाउज उसवावे लागतील बघ."

आईने माझा दंड चाचपून पाहिला. म्हणाली, "हो, उसवून घे. तुम्हा दोघींना होतील. तुला फक्त बाह्या जरा घट्ट होतील."

मी घर येईपर्यंत बाहेर बघत बसले.

उद्या ताई ओझरहून येतेय. आल्या आल्या ती आईला म्हणणार, "आज बरी दिसतेयस." आणि आई हसून हो म्हणणार.

ताईला खरं सांगू, की आईला तिच्यासमोर आणखी थोडे दिवस काहीच माहीत नसल्यासारखं राहू देऊ?