दोन शिड्यांतली एक पायरी

एका शाळेत बरीच वर्षं कारकुनी केली की किस्से साचतात, कपाटावरच्या धुळीसारखे. मी ते रोजच्या रोज डायरीत उतरवले, एवढंच. मूल गावातल्या आमच्या शाळेतले हे काही, सगळे गुरनुले मास्तरांच्या शिडीचे.

*

मास्तर विज्ञान शिकवत. त्यांची दोन लेकरं हाडं दुखून, डोळे पिवळे पडून गेली. आई सुनेला बोल लावी आणि लेकासाठी दुसरी बायको शोधत होती. त्याच सुमारास एका इंग्रजी मासिकात मास्तरांना डीएनएचं चित्र दिसलं. पीळ दिलेली शिडी! आईबापाकडून लेकरात उतरतं ते हेच.

"भाऊ, मले हे हातात धरून पाहायचं आहे," मला म्हणाले.

*

बुरडाला तशी शिडी करायला सांगितली. तो बांबूची सरळ शिडी घेऊन आला.

"पीळ कुठी आहे?"

"पिळलेल्या शिडीवर चढते कोन, मास्तर? पडसान ना!"

*

शेवटी मास्तरांनीच शिडी केली, प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची. लाल तुकडा पिवळ्याशीच जुळायचा, हिरवा निळ्याशीच. आमचा गोंड शिपाई चैतू बघत होता.

"लालले लाल काऊन नाई चालत?"

"नाई जमत."

"मंग आमच्यासारखंच! आमच्यात देव मोजून कुळं, आमी सहा देववाले. सहा देवात सोयरीक नाई करत."

हेडमास्तर म्हणाले, "चैतू, उद्याचा पिरियड तूच घे!"

*

मास्तरांनी शिडी मधोमध उसवली. "आता प्रत्येक अर्धी आपली जोडी नवी बांधते. झाली नक्कल!"

नकला करण्यात माझा जन्म गेला. मी विचारलं, "मुळातच चूक असली तर?"

"तर चुकीचीच नक्कल, भाऊ."



*

मग मास्तरांनी दुसरी शिडी केली. मधल्या सुट्टीत त्यांची आई आली. गोंडपिपरीला मुलगी पाहायला चल म्हणून.

"आई, बस. लेकरू एक शिडी मायची घेते, एक बापाची. एकीत खोट असली तर दुसरी सांभाळून घेते. दोन्हीत असली तर आपल्या लेकरायसारखं होते. हा माहा अंदाज आहे."

"सुनेची कोनची?"

त्यांनी दाखवली. एका जागी लाल-पिवळीऐवजी हिरवी-निळी पायरी होती.

"पाह्य! मी म्हनत नव्हती? आन तुह्यी?"

मास्तरांनी दुसरी शेजारी ठेवली. त्याच जागी हिरवी-निळी.

 म्हातारीनं बोटानं ती पायरी चाचपली. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाली,

"तुले ही मी देली, का तुह्या बापानं?"