मल्लेशचं अवघड मशीन

बोरीच्या बाजारात मन्मथअप्पांचं कापडदुकान आहे, आणि त्यांचा मुलगा मल्लेश ते चालवतो. वय अडतीस, लग्न जमलं नाही, दारू-तंबाखूला शिवत नाही. माणसाला एक तरी नाद लागतोच म्हणतात, तसा ह्याला लिनक्सचा लागला. विंडोजसारखीच, कॉम्प्युटर चालवणारी ही प्रणाली. फुकट मिळते, आतून उघडून कुणीही तिच्यात फेरफार करावेत, म्हणून तिचे शेकडो प्रकार झालेत. काही सोपे असतात, घातले की चालू. काही एवढे अवघड की पडद्यावर साधी खिडकी उघडायची तरी आधी दहा पानं वाचून आज्ञा टाइप करत बसा. मल्लेशला दोन्ही येत होते आणि दोन्हींत त्याला करमत नव्हतं. सोप्यावर महिनाभर राहिला की हात वळवळायचे. अवघडावर आठ दिवस गेले की छपाई बंद पडायची, मराठी अक्षरं फुटायची, मग गपगुमान परत सोप्यावर. चार वर्षांत असल्या वीसेक वाऱ्या झाल्या असतील.

त्यानं स्वतःच्या मशीनशी काय वाटेल ते करावं हो, कुणाचं काय जातंय? पण घरात मशीन एकच, आणि ते त्याच्या एकट्याचं नव्हतं.

त्याची धाकटी बहीण ईश्वरी. एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले. पुढची सहा वर्षं ती भिंतीला टेकून बसलेली होती, असं म्हटलं तरी चालेल. तिला त्या भिंतीपासून उठवलं ते मल्लेशनंच, हेही खरं. सोप्या लिनक्समध्ये, मिंटमध्ये, पडदा वाचून दाखवणारा आवाज असतो. मल्लेशनं तो मराठीत बोलता केला. ईश्वरी कानात वायर घालून बसायला लागली आणि दोन वर्षांत अशी टाइप करायला लागली की तहसीलमधल्या बाबूनं लाजावं. भाऊ म्हणून त्यानं केलं ते सख्ख्या आईनंही केलं नसतं. आई चन्नबसम्मा तर तोवर राहिलीच नव्हती.

घरात एक शिस्त होती, आजोबांपासूनची. अप्पा आंघोळ करून विभूती लावून बसले, इष्टलिंग तळहातावर घेतलं, की ते उठेपर्यंत घरात कुणी तोंड उघडायचं नाही. टीव्ही नाही, कुकर नाही, फोन नाही. ईश्वरीला सहाव्या वर्षी विंचू चावला होता, तेव्हाही ती अप्पा उठेपर्यंत ओठ दाबून बसली होती. अप्पा हे कौतुकानं सांगायचे. मल्लेशनंही हौसेनं मशीनला तेच वळण लावलं होतं. सकाळी आठला त्याचा आवाज आपोआप बंद, पूजेची वेळ सरली की चालू. कानात वायर आहे की भोंगा, हे यंत्राला कळत नाही. गप म्हटलं की गप.

गेल्याच्या गेल्या श्रावणात पुण्याच्या एका संस्थेनं दृष्टिहीनांसाठी दोन जागा काढल्या. रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून टाइप करायचं, घरी बसून, कायमचं काम. परीक्षा ऑनलाइन, सोमवारी सकाळी दहाला. दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत आत शिरायचं, नंतर दार बंद. ईश्वरी तीन महिने त्याच दिवसासाठी जगली. तिनं मल्लेशला बजावलं होतं, "दादा, परीक्षा होईस्तोवर मशीनला हात लावू नको बरं का."

"वेडी का तू? कशाला लावू," मल्लेश म्हणाला होता.

आणि लावला. रविवारी दुपारी ईश्वरी अप्पांसोबत मठात गेलेली. फोनवरच्या लिनक्सवाल्यांच्या गटात कुणीतरी लिहिलं, मिंट म्हणजे पोरासोरांचं काम, मर्दानं आर्च चालवावं. आर्च म्हणजे त्यातलं अवघड. एरवी मल्लेश दुसऱ्या लिंबूटिंबूला असंच चिडवायचा, आज स्वतःला झोंबलं. वर मनाला समजूतही सापडली : मशीन जुनं, मिंटवर दमतं, आर्चवर पळेल, ईशीची परीक्षा झरझर होईल. स्वतःची खाज बहिणीच्या भल्यात गुंडाळली की केवढी पवित्र दिसते!

पाच तासांत त्यानं सगळं नवं उभं केलं. बोलणारा आवाज घातला, स्वतःच्या खात्यातून उघडून पाहिला, तो स्वच्छ मराठीत बोलला. ईश्वरीचं खातं त्यानं तयार केलं, पण आत शिरून पाहिलं नाही. डोळस माणसाला पडदा दिसला की सगळं झाल्यासारखं वाटतं. तिला मात्र बदलाबद्दल चकार शब्द बोलला नाही, खामखा घाबरेल म्हणून. एवढंच म्हणाला, "उद्या श्रावणी सोमवार हाय, अप्पांची पूजा अकरापर्यंत चालंल. तरी पावणेदहाला मशीन आपसूक बोलायला लागंल. तू फक्त बस."

सोमवारी सकाळी नऊलाच तो कापडाचा गठ्ठा आणायला मोटारसायकलवर जिंतूरला गेला. ईश्वरी साडेनऊला बसली. मशीन सुरू केलं, सवयीनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. आवाज नाही. असायचाही नव्हता, पूजेची वेळ होती. ती थांबली. काच उघडता येणाऱ्या घड्याळाचे काटे बोटानं चाचपून तिनं पावणेदहा वाजल्याची खात्री केली. मशीन गपच. आवाज जागा करायची जुनी बटणं तिनं दाबून पाहिली. नव्या प्रणालीत मल्लेशनं ती जोडलीच नव्हती. तिला वाटलं, दादानं वेळ लावताना चूक केली, पूजा सरेस्तोवर हे काही बोलत नाही.

दहाला पाच कमी असताना ती देवघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत अप्पांच्या रुद्राक्षाच्या माळेचा आवाज येत होता. एक हाक मारली असती तर अप्पांनी शेजाऱ्याला बोलावलं असतं, डोळ्यांचं माणूस आलं असतं, काहीतरी झालं असतं. तिनं हाक मारली नाही. पंचवीस वर्षांची सवय तिच्या घशात बसली होती. ती अंगणात गेली, भावाला तीनदा फोन लावला. मल्लेश रस्त्यावर होता, त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं उलट फोन केला तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

संस्थेनं दोन ओळींचं उत्तर पाठवलं. जागा भरल्या, पुन्हा संधी नाही.

अप्पांनी पोरीकडून ऐकलं की पूजेपायी मशीन गप राहिलं. पंचाहत्तरीचा माणूस, भिंतीला कपाळ लावून रडला. "माझ्या लिंगानं माझ्या लेकीची भाकर खाल्ली," म्हणाला. "हाक मारायची व्हती गं माय. मी उठलो असतो."

"हे आज सांगायलाव, अप्पा?" ईश्वरी म्हणाली.

मल्लेश दारातच उभा होता. तोवर त्यानं तिच्या खात्यात शिरून पाहिलं होतं, तिथं बोलणारा आवाज त्यानं चालूच केलेला नव्हता, आणि दोष पूजेचा नाही, कुणाचा आहे ते त्याला पुरतं कळलं होतं. तोंड उघडायची हीच वेळ होती. पण तो लेकाचा बोलला नाही. मंगळवारी आर्च पुसून मिंट परत घातलं. बैल गेला आणि झोपा केला.

बुधवारी ईश्वरी मशीनवर बसली. दोन-चार बटणं दाबली आणि हात काढून घेतले.

"दादा, हे तर आपलं जुनंच हाय. मग सोमवारी कोणतं व्हतं?"

मल्लेशनं सांगितलं. सगळं सांगितलं, गटातल्या चिडवण्यासकट. ती रागावली नाही, ते त्याला जास्त लागलं.

"अप्पांना तू सांग," ती म्हणाली. "मी न्हाई सांगणार. तुझं तूच सांग."

"सांगतो," मल्लेश म्हणाला.

ह्याला दीड वर्ष झालं. मशीन मिंटवरच आहे, ईश्वरी त्याला हात लावत नाही. मन्मथअप्पा आता देवघराचं दार सताड उघडं ठेवून बसतात, आणि लिंग हातावर घ्यायच्या आधी रोज पोरीला विचारतात, "ईश्वरे, तुझं काही काम न्हाई ना माय? बसू का मी?"

ती म्हणते, "बसा अप्पा." मल्लेश बाहेरच्या खोलीत दुकानाच्या किल्ल्या शोधत असतो. त्याला रोज ऐकू येतं.