समासातला ‘म.’

मी पुस्तकाच्या समासात पानोपानी ‘म.’ लिहून ठेवला आणि त्या ‘म.’चा अर्थ विसरलो.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या एका खोलीत मी आणि भंडाऱ्याकडचा माझा दोस्त राहायचो. दोघंही हेल्पर. भट्टीवर ऑपरेटरच्या जागेसाठी तोंडी परीक्षा होती, जागा एकच. मी तर गावाकडं ऑपरेटर झाल्याचं सांगूनही बसलो होतो. अभ्यासाला दोघांत एक इंग्रजी पुस्तक, तेही माझं. म्हणून पेन्सिल चालवायचा हक्क माझा.

पहिल्या वाचनात जे डोक्यावरून गेलं, तिथं खूण केली. कोणाला तरी विचारू, असा बेत. पण विचारलं की अडाणीपणा दिसतो. त्यापेक्षा पुढचं पान बरं. परीक्षा जवळ आल्यावर पुस्तक पुन्हा उघडलं.

“हे म. म. कायचं आहे बे?” दोस्तानं विचारलं.

“महत्त्वाचं!” मी ठसक्यात.

मग ती सगळी वाक्यं मी घोकली. त्याला पाठांतर जमेना. तो ‘म.’चं एकेक वाक्य घेऊन शिफ्टमध्ये दिसेल त्याला, “हे असं कावून?” म्हणत कारण विचारत फिरायचा. मला त्याची कीव यायची.

परीक्षेत साहेबांनी विचारलं, भट्टीत हवा आधी तापवून का सोडतात? माझ्या ‘म.’मधलंच! मी न अडखळता वाक्य म्हटलं.

“मतलब?” साहेब म्हणाले.

मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

जागा दोस्ताला मिळाली. पुढं पुस्तक चाळताना सुरुवातीच्याच एका पानावर माझ्या अक्षरात अख्खी खूण सापडली: ‘मले नाही समजलं.’ नंतर हात दुखला असेल, नुसता ‘म.’ उरला.

हल्ली मी समासात अख्खं वाक्य लिहितो. कळलेलं माझ्या बोलीत, न कळलेलं प्रश्नचिन्हासकट. आणि तो प्रश्न कोणाला तरी विचारेपर्यंत पान उलटत नाही. नुसती खूण केली की वाचल्याचं समाधान मिळतं, तेच घात करतं.

अख्खी खूण सापडली तेव्हा ते पान मी दोस्ताला दाखवलं. वाटलं, हसेल. तो भाकर मोडत माझ्या कपाळाकडं बघून म्हणाला, “तुह्या कपायावरच एक म. काढून देऊ का? लोक समजतीन, महत्त्वाचा मानूस आहे.”