चौकात टांगलेला पत्ता

वडील पत्रकं काढायचे. दारूच्या दुकानाविरुद्ध, पाण्यासाठी, युद्धाविरुद्धही. ठिकाण आणि तारीख नसलेलं पत्रक म्हणजे भित्र्याचं पत्रक, असं ते म्हणत, आणि मी त्यावरच वाढले. आजही युद्धाच्या बाजूनं मी एक ओळ लिहिणार नाही. पण सीमेवर ड्रोन येऊ लागले तेव्हा माझा मोठा भाऊ तिकडं होता, गाडीवर बसवलेल्या विमानविरोधी तोफेवर. ती तोफ अचूक चालावी असं मला मनापासून वाटत होतं.

आमच्या कसबा बावड्यात पोरगं दहावी पास झालं तरी फ्लेक्स लागतो. तालमीतल्या पोरांनी भावाचा लावायचं ठरवलं आणि मजकूर माझ्याकडं मागितला. भावानं वहिनीला एक फोटो पाठवला होता. तो, मागं तोफेची गाडी, कोपऱ्यात मैलाचा दगड. मी फोटो मोठा करून दगडावरचं गावाचं नाव वाचलं आणि मजकुरात घातलं. मजकुरातला 'वाघ' हा शब्द पोरांचा. गावाचं नाव माझं.

वहिनी भाजी घेऊन येताना तो बोर्ड बघून आली. चप्पलही काढली नाही.

"कुठं हायत ते मला बायकोला सांगत न्हाईत, आणि तू चौकात टांगलंस व्हय?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. असली तोफ लपून असते तोवरच जिवंत. सापडली की आतल्या माणसांसकट संपली. मी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला, पोरांनी फ्लेक्सचा फोटो टाकून ठेवलेले स्टेटस काढायला लावले. पण फोटो कुणाकुणाकडं गेला होता, देव जाणे.

चार दिवस भावाचा फोन नाही. वहिनी मला ताट वाढायची, बोलायची नाही. मी एक अक्षर लिहिलं नाही.

मग गोळीबार थांबला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. वहिनीनं स्पीकर लावला. मीच घाईनं सुरुवात केली.

"दादा, त्या बोर्डावर गावाचं नाव मी..."

"बघितलाय. आमच्या सायबानंच दाखवला. फोटो धाडल्याबद्दल माझी बिनपाण्यानं केली त्यानं."

"पण तुम्हाला काही..."

"आगं येडे, आमी तिथं हुतोच कुठं? रडार लावलं, बार उडवला, की आपण कुठं हाय ते समोरच्याला कळतंय. लगेच जागा सोडायची. त्या दगडापासनं त्याच दिवशी हाललो. चाकं काय शोभंला हायत व्हय गाडीला?"

"आणि तोफ?"

"चालली की. ल्हान ड्रोनला म्हागाचं क्षेपणास्त्र कशाला? तोफच बरी. एक निसटलं, पण पडलं मोकळ्या रानात. समदी पोरं धड हायत."

वहिनीनं फोन हिसकावला. "आता कुठं हायसा?"

"न्हाय सांगत. ती शेजारीच उभी हाय न्हवं?"

वहिनी खाली बसून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बघतीस काय? चहा टाक."